पुन्हा हाती घेतलेली गिटार

पुष्कळ घरांत एखादे वाद्य भिंतीला टांगलेले अथवा कपाटावर ठेवलेले असते. त्यावर खोळ असते आणि खोळीवर धूळ असते. ते एके काळी कोणी तरी वाजवीत असे, एवढे घरातील मुले ऐकून असतात. परंतु ते वाजविणे का थांबले, असे विचारल्यास सरळ उत्तर मिळत नाही. कोणी म्हणतो, वेळ मिळत नाही; कोणी म्हणतो, आता बोटे वळत नाहीत. यांपैकी दुसरी सबब सांगण्याचा खराखुरा अधिकार ज्याला प्राप्त झाला होता, आणि तरीही जो तिच्यापाशी थांबला नाही, अशा एका वादकाचे चरित्र विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवण्याचे येथे योजिले आहे. त्याचे नाव जाँ राइनहार्ट. परंतु जग त्याला जँगो या नावानेच ओळखते.

जँगोचा जन्म २३ जानेवारी १९१० रोजी बेल्जियम देशातील लिबर्शी या खेड्यात, भटक्या लोकांच्या एका गाडीत झाला. त्याचे आईबाप रोमा जमातीपैकी होते. आपल्याकडील लमाणांच्या तांड्याप्रमाणे हे लोक गाड्यांतून गावोगाव फिरत आणि गाणेबजावणे, घोड्यांचा व्यापार व हस्तकौशल्याची कामे यांवर पोट भरीत. यांचे मूळ हिंदुस्थानात आहे, असे भाषापंडितांनी त्यांच्या बोलीवरून सिद्ध केले आहे. पाण्याला ते पानी म्हणतात. नाक आणि कान हे शब्द तर त्यांच्या तोंडी आपल्यासारखेच आहेत. जँगोच्या पोटजातीस फ्रान्समध्ये मानुश म्हणतात, आणि हा शब्द आपल्या माणूस या शब्दाचा सख्खा सोयरा होय. सहस्र वर्षांपूर्वी घर सोडून गेलेल्या या भावंडांनी एवढी ठेव सांभाळून ठेविली, हे पाहून मराठी वाचकास कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही.

पुढे हे कुटुंब पॅरिस शहराच्या वेशीबाहेर, गाड्यांच्या व झोपड्यांच्या वस्तीत स्थिरावले. जँगोच्या नशिबी शाळा जवळजवळ नव्हतीच. तारुण्यातही त्याला लिहितावाचता येत नसे. मात्र बारा वर्षांचा असता त्याला बँजोच्या जातीचे एक तंतुवाद्य मिळाले. शिकवावयास गुरू नव्हता, स्वरलिपी वाचता येत नव्हती. थोरांच्या बोटांकडे टक लावून पाहावे आणि ऐकलेले हातातून काढावे, हीच त्याची पाठशाळा. थोड्याच दिवसांत तो पॅरिसच्या नाचघरांत अकॉर्डियन वाजविणाऱ्यांची साथ करू लागला. १९२८ साली त्याच्या वादनाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. मुद्रिकेवर त्याचे नाव चुकीचे छापले गेले. पण ज्याचे नाव होते त्यालाच ते वाचता येत नसल्यामुळे त्याचा फारसा बोभाटा झाला नाही.

त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडी त्याच्यावर मोठा घाला आला. पॅरिसनजीक सँतुआँ येथे तो व त्याची तरुण पत्नी एका गाडीत राहत. पत्नी विक्रीसाठी कृत्रिम फुले तयार करी, आणि त्यांतील सेल्युलॉइड हा पदार्थ अत्यंत ज्वालाग्राही असतो. रात्री जँगो घरी परतला असता मेणबत्तीची ज्योत त्या फुलांना लागली आणि क्षणार्धात गाडी पेटली. दोघेही कसेबसे बाहेर पडले. परंतु जँगोचा डावा हात आणि उजवा पाय भयंकर भाजला. त्या वेळी त्याचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. वैद्यांनी पाय तोडण्याचा विचार केला. जँगोने त्यास संमती दिली नाही. पाय वाचला. डाव्या हाताची दोन बोटे, अनामिका आणि करंगळी, मात्र आखडून कायमची वाकडी झाली.

तंतुवाद्य वाजविणाऱ्याच्या डाव्या हाताची किंमत निराळी सांगावयास नको. उजवा हात तार छेडतो, परंतु स्वर कोणता निघावयाचा हे डाव्या हाताची बोटे ठरवितात. चार बोटांचे काम ज्या हातास पडते, त्यातील दोन बोटे निकामी झाली म्हणजे वादन संपले, असेच कोणीही म्हणेल. जँगो सुमारे दीड वर्ष अंथरुणास व उपचारांस खिळून होता. त्याचा धाकटा भाऊ जोसेफ हाही वादक होता. त्याने दुखण्याईत भावासाठी एक गिटार आणून दिली. जँगोने वाद्य उचलले आणि अगदी प्रारंभापासून शिकावयास आरंभ केला.

येथे एक गोष्ट ध्यानात धरण्यासारखी आहे. पूर्वी आपण जसे वाजवीत होतो तसेच आता वाजवू, असा हट्ट त्याने धरिला असता तर तो निराश होऊन थांबला असता. त्याने गेलेल्या बोटांचा नाद सोडला आणि राहिलेल्या बोटांचा हिशेब मांडला. एकट्याने वाजवावयाच्या स्वरपंक्ती तो तर्जनी व मध्यमा या दोनच बोटांनी काढू लागला. ही दोन बोटे तारांवरून आडवी न फिरता गिटारीच्या मानेवर वरखाली धाव घेत. आखडलेली बोटे काही स्वरसमूहांत बारीक तारा दाबून ठेवण्यापुरती उपयोगी पडतात, हेही त्याने शोधून काढले. अशा रीतीने अडचणीतून एक नवीन पद्धती जन्मास आली. चार बोटे धडधाकट असलेले वादक आजही ती पद्धती शिकण्यासाठी वर्षेच्या वर्षे घालवितात.

हिंडूफिरू लागल्यावर जँगो दक्षिण फ्रान्समधील तूलाँ बंदराकडे गेला. तेथे एमिल साव्हित्री नावाच्या चित्रकाराने त्याला अमेरिकेतील निग्रो वादक लुई आर्मस्ट्राँग याच्या मुद्रिका ऐकविल्या. जाझ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या संगीताने जँगोच्या आयुष्याला दिशा दिली. १९३४ साली पॅरिसमध्ये स्तेफान ग्रापेली हा व्हायोलिनवादक व जँगो यांनी मिळून एक पंचक स्थापन केले. तीन गिटारी, एक व्हायोलिन व एक मोठा बास. ढोल नाही, तुतारी नाही. केवळ तंतुवाद्यांचा असा जाझ-संच हा त्या काळी नवलाचाच विषय होता, आणि थोड्याच वर्षांत त्याची कीर्ती युरोपभर पसरली. शिस्तशीर ग्रापेली आणि लहरी जँगो यांचे नेहमीच जमत असे असे नाही. जँगो वेळा पाळीत नसे, मिळालेला पैसा जुगारात उडवी, आणि कधी कधी कार्यक्रम टाकून दुसरीकडेच निघून जाई. हे त्याचे दोष झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु त्याच ग्रापेलीने त्याला आपली सही करावयास शिकविले, हेही सांगितले पाहिजे.

१९३९ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा हे दोघे लंडनमध्ये होते. ग्रापेली तेथेच राहिला. जँगो पॅरिसला परतला. जर्मन सत्तेने युरोपातील रोमा लोकांचा जो संहार केला, त्यात लाखो जीव बळी पडले. जँगोची कीर्ती त्याच्या उपयोगी पडली, तरी भीती टळली नव्हती. १९४३ साली स्वित्झर्लंडमध्ये निसटून जाण्याचा त्याचा प्रयत्न फसला. याच काळात, १९४० साली, त्याने न्युआज, म्हणजे ढग, या नावाची एक संथ व उदास रचना केली. ती परतंत्र पॅरिसच्या हृदयास जाऊन भिडली. आपल्या भटक्या बांधवांच्या उपासनेसाठी एक प्रार्थनासंगीत रचावे, हाही त्याचा संकल्प होता. तो मात्र अपुराच राहिला.

युद्ध संपल्यावर एका नव्या वाद्याशी त्याची गाठ पडली. साध्या गिटारीचा आवाज तिच्या लाकडी पोटातून निघतो व तो मुळात मृदू असतो. मोठ्या वाद्यवृंदात तो बुडून जातो. यावर अमेरिकेत १९३० नंतरच्या वर्षांत विजेवर चालणाऱ्या गिटारीचा उपाय निघाला. विद्यार्थ्यांना तिची युक्ती सहज समजेल. पोलादी तारांच्या खाली लोहचुंबक बसवितात व त्याच्याभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे वेढे देतात. तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते, आणि वेढ्यांत वीज उत्पन्न होते. फॅरडे याने १८३१ साली शोधिलेला, विज्ञानाच्या वर्गात शिकविला जाणारा हाच तो नियम. ही क्षीण वीज यंत्राने वाढवून कर्ण्यात सोडली म्हणजे मोठा स्वर ऐकू येतो. चार्ली ख्रिश्चन या तरुण अमेरिकन वादकाने हे वाद्य किती गोड बोलू शकते हे दाखवून दिले. दुर्दैवाने १९४२ साली, पंचविशीतच, तो मृत्यू पावला.

१९४६ च्या अखेरीस जँगो प्रसिद्ध वाद्यवृंदनायक ड्यूक एलिंग्टन याच्याबरोबर दौरा करण्यासाठी अमेरिकेत गेला. आपली नेहमीची गिटार त्याने नेली नव्हती. हाती आली ती विजेची गिटार. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधील दुसऱ्या रात्री तो फार उशिरा पोहोचला. वाद्य अनोळखी, भाषा अनोळखी, सराव अपुरा. दौऱ्याचे चीज व्हावे तसे झाले नाही, आणि तो खिन्न मनाने फ्रान्सला परतला. त्यानंतर त्याचे मन वादनातून हळूहळू उडू लागले. तो चित्रे काढी, बिलियर्ड खेळे, मासे धरीत बसे. १९५१ साली सेन नदीच्या काठी सामुआ नावाच्या खेड्यात त्याने घर केले. तरुण वादक बीबॉप या नव्या, वेगवान शैलीच्या मागे लागले होते, आणि जँगोची गणना जुन्या पिढीत होऊ लागली होती.

असा मनुष्य वाद्य कायमचे खाली ठेवता तर कोणी दोष दिला नसता. परंतु याच सुमारास जँगो पुन्हा गिटारीकडे वळला. नदीकाठी मासे धरावे, मनाला वाटेल तेव्हा पॅरिसला जावे, आणि आपल्याहून कितीतरी लहान असलेल्या वादकांच्या सोबतीस बसावे, असा त्याचा क्रम सुरू झाला. ज्या विजेच्या वाद्याने अमेरिकेत साथ दिली नव्हती, तेच त्याने आता आपलेसे केले. आपल्या जुन्या गिटारीलाच त्याने चुंबकाची जोड दिली. या वाद्याचा धर्म निराळा. साध्या गिटारीवर स्वर छेडताच विरू लागतो, म्हणून वादक एकामागून एक स्वरांची सरी ओततो. विजेच्या गिटारीवर स्वर टिकतो, त्याला धरून ठेवता येते. तेथे जोरकस आघात कर्कश होतो आणि लहानशी चूकही मोठ्याने ऐकू येते. जन्मभर जोराने वाजविण्याची सवय झालेल्या हाताला हलकेपणा शिकावा लागला. चाळिशी ओलांडलेला, जगाने वाखाणलेला वादक पुन्हा एकदा विद्यार्थी झाला.

१० मार्च १९५३ रोजी त्याने तीन तरुण साथीदारांसह पॅरिसमध्ये आठ रचना ध्वनिमुद्रित केल्या. त्यांत न्युआजही होती. १९४० ची मुद्रिका आणि ही मुद्रिका एकापुढे एक ठेवून ऐकाव्या. रचना तीच, बोटे तीच दोन. परंतु दुसऱ्या मुद्रिकेत स्वर थोडे आहेत, लांब आहेत, आणि त्यांच्यामधील शांतताही बोलते. यानंतर त्याला फार दिवस लाभले नाहीत. १६ मे १९५३ रोजी पॅरिसहून सामुआला परतत असता तो एकाएकी कोसळला आणि मेंदूतील रक्तस्रावाने त्याच दिवशी मरण पावला. त्याचे वय त्रेचाळीस वर्षांचे होते.

विद्यार्थिमित्रहो, जँगोच्या ठायी जी अलौकिक प्रतिभा होती ती आपणांपैकी फारच थोड्यांना मिळेल. त्याच्या जुगाराचे व वेळ न पाळण्याचे अनुकरणही कोणी करू नये. परंतु दोन गोष्टी त्याच्यापासून कोणालाही घेता येतील. पहिली ही की, परत येणाराने जुना हात मागू नये. आज जो हात आहे त्यानेच आरंभ करावा. दुसरी ही की, नवे वाद्य अथवा नवी रीत पुढे आली असता तिच्यापाशी नवशिक्याप्रमाणे बसण्यात कमीपणा मानू नये.

आणि पालकांसही एक विनंती आहे. ज्यांच्या घरी पेटी, सतार, व्हायोलिन किंवा गिटार खोळीत पडली आहे, त्यांनी ती एखाद्या सायंकाळी खाली काढावी. तारा गंजल्या असतील तर बदलाव्या. सभा गाजवावयाची नाही, पैसा मिळवावयाचा नाही. तेव्हा बोटे अडखळली तर बिघडते काय? पाव घटका बसावे, एक सोपी चाल काढावी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे. शेजारी अभ्यास करणारे मूल मान वर करून ऐकेल. आपले आईबापही काही तरी नव्याने शिकत आहेत, चुकत आहेत आणि तरीही आनंदात आहेत, हे त्याला त्या दिवशी दिसेल. आणि एवढा एक धडा त्याच्या जन्मभर उपयोगी पडेल.