सर गिल्बर्ट वॉकर

चैत्री पौर्णिमेला जोतिबाची यात्रा पार पडली, की कोल्हापूरच्या परिसरातील शेतकऱ्यांचे डोळे आभाळाकडे लागतात. यंदा मृग वेळेवर बरसेल काय, ही चिंता भारतातील कोट्यवधी घरांत दरवर्षी असते. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी एका परदेशी गणितज्ञाने आपल्या आयुष्याची वीस वर्षे वेचली. ते म्हणजे सर गिल्बर्ट वॉकर.

वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी इंग्लंडमध्ये झाला. केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेत १८८९ साली त्यांनी पहिला क्रमांक मिळविला. फेकले असता परत येणारे बूमरँग कसे उडते, याचाही छडा त्यांनी गणिताच्या बळावर लावला.

भारतात हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले होते. १८६४ साली कलकत्त्यावर कोसळलेले चक्रीवादळ आणि त्यानंतरचे दुष्काळ हे त्याचे कारण. पुढे १८७७ व १८९९ साली पावसाने दगा दिला आणि लक्षावधी माणसे अन्नान्न करीत मेली. अशा वेळी, १९०४ साली, वॉकर या खात्याचे प्रमुख झाले. हवामानशास्त्राचे शिक्षण त्यांना नव्हते. जवळ होते ते गणित आणि अपार चिकाटी.

त्यांनी जगभरच्या वेधशाळांतील हवेचा दाब, तपमान व पाऊस यांच्या नोंदी जमविल्या. त्या काळी संगणक नव्हते. सारी आकडेमोड भारतीय कारकून हातांनी करीत. त्या आकड्यांच्या राशीतून एक विलक्षण गोष्ट दिसू लागली. पॅसिफिक महासागरावर हवेचा दाब चढला, की हिंदी महासागरावर तो उतरे. तिकडे उतरला, की इकडे चढे. जणू एक प्रचंड तराजूच खालीवर होत होता! वॉकर यांनी त्याला ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले.

परंतु हा तराजू कोण हलवितो, हे त्यांना सांगता येईना. समुद्राच्या तपमानाच्या पुरेशा नोंदीच नव्हत्या. पुष्कळ शास्त्रज्ञांनी शंका घेतल्या. पावसाचा खात्रीचा अंदाजही हाती आला नाही. १९२४ साली वॉकर निवृत्त झाले आणि ४ नोव्हेंबर १९५८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, १९६९ साली, याकोब ब्यर्कनेस या शास्त्रज्ञाने ते कोडे उलगडले. पॅसिफिक महासागराच्या पूर्व भागातील पाणी काही वर्षांच्या अंतराने तापते व निवते. तापण्याला ‘एल निन्यो’ आणि निवण्याला ‘ला निन्या’ म्हणतात. हवेचा तराजू आणि समुद्राचे हे तापणे-निवणे एकमेकांत गुंतलेले आहे.

चक्रीवादळांचे बळही यात दडले आहे. ऊन पाण्याची वाफ हे चक्रीवादळाचे खाद्य होय. एल निन्योच्या वर्षी पॅसिफिकमधील वादळे अधिक पूर्वेला जन्म घेतात. अटलांटिकवर मात्र उंचावरील वारे वादळांची घडी विसकटून टाकतात. ला निन्याच्या वर्षी पावसाळा सरल्यावर बंगालच्या उपसागरात वादळांचा जोर बहुधा वाढतो. हिंदी महासागरातही असाच एक लहान तराजू आहे. २०१९ साली त्याचा पश्चिम भाग पूर्वेपेक्षा फार तापला आणि एकट्या अरबी समुद्रात पाच चक्रीवादळे झाली.

वॉकर ज्या उत्तराच्या शोधात होते, ते त्यांना पुरते गवसले नाही. परंतु त्यांनी दाखविलेल्या तराजूकडे पाहिल्यावाचून आज पावसाचा अंदाज बांधला जात नाही.