दोन गावांच्या वेशीवरचा गायक

सारी उमर बँकेत काढलेल्या माणसाला एक खोड लागते. कुणाचेही चरित्र वाचायला घेतले, की तो मनाशी जमा आणि नावे अशा दोन बाजू मांडू लागतो. ग्रॅम पार्सन्स या अमेरिकन गायकाच्या आयुष्याचा ताळेबंद मी कितीदा तरी मांडून पाहिला. तो काही जुळत नाही. हयातीत त्याची एकही तबकडी धड खपली नाही, आणि सव्विसाव्या वर्षी तो गेला. तरीही एखादा रॉक गायक विजेच्या गिटारीचा गदारोळ बाजूला ठेवून गावाकडच्या सुरांकडे, तिकडे ज्याला कंट्री म्हणतात त्या संगीताकडे वळतो, तेव्हा ती वाट रुळवणाऱ्यांत या पोराचे नाव अगदी वर घ्यावे लागते.

जन्म ५ नोव्हेंबर १९४६चा, फ्लॉरिडातल्या विंटर हेवन गावचा. आईचे माहेर स्नायव्हली घराण्याचे. संत्र्यांच्या बागांवर गबर झालेले. वडील महायुद्धात लढलेले वैमानिक. जॉर्जियातल्या वेक्रॉस गावात मुलगा वाढला. तिथेच १९५६ साली त्याने एल्व्हिस प्रेस्ली प्रत्यक्ष पाहिला, आणि पुढे काय व्हायचे ते नऊ वर्षांच्या पोराने ठरवून टाकले. घरात पैशाला तोटा नव्हता, सुखाला मात्र होता. १९५८च्या नाताळाला दोन दिवस उरले असताना वडिलांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. आईने दुसरे लग्न केले आणि सावत्र बापाचे पार्सन्स हे आडनाव मुलाला लागले. दारूने पोखरलेली ती आई १९६५च्या जूनमध्ये वारली. नेमका त्याच दिवशी मुलाचा शाळेतला पदवीदान समारंभ होता.

नंतर हार्वर्ड झाले, तेही जेमतेम काही महिने. पुस्तकांपेक्षा मन गाण्यात, आणि गाण्यातही समवयस्क ज्याला नाके मुरडीत त्या कंट्रीत. आपल्या वाचकाला यातली गंमत कळण्यासाठी काळ ध्यानात घ्यायला हवा. व्हिएतनामचे युद्ध पेटलेले. लांब केसांची, युद्धविरोधी तरुण मंडळी रॉकच्या मागे; कंट्री म्हणजे दक्षिणेतल्या जुन्या वळणाच्या, देवभोळ्या, कष्टकरी गोऱ्या माणसांचे गाणे. दोन्ही गावांची एकमेकांशी सोयरीक नव्हती. पार्सन्सला ती जुळवायची होती. त्या गाण्यांत दारू, तुरुंग, मोडलेले संसार, सुटलेले गाव. हे त्याला ऐकीव नव्हते, घरचे होते.

१९६८च्या आरंभी तो ‘द बर्ड्‌स’ या नामांकित रॉक वाद्यवृंदात दाखल झाला. रॉजर मॅग्विन आणि ख्रिस हिलमन हे तिथले जुने धनी. या नवख्याने काही आठवड्यांत सारा तांडा कंट्रीची राजधानी असलेल्या नॅशव्हिलला नेला. १५ मार्चला ‘ग्रँड ओल ऑप्री’ या १९२५पासून चालत आलेल्या रेडिओ-जलशात त्यांना गायला मिळाले. श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडवली. त्यात पार्सन्सने जाहीर झालेले मर्ल हॅगर्डचे गाणे ऐनवेळी सोडले आणि आजीला अर्पण करून स्वतःचे ‘हिकरी विंड’ म्हटले. गावाकडच्या आठवणींचे ते गाणे. पण यजमान बिनसले ते बिनसलेच.

‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ ही तबकडी ऑगस्टमध्ये आली. जुन्या करारावरून दुसऱ्या कंपनीने हक्क सांगितला, म्हणून त्याच्या काही गाण्यांवर मॅग्विनचा आवाज चढवावा लागला. रॉकवाल्यांना ती फार गावठी वाटली, गावाकडच्यांना फार शहरी. खपाच्या यादीत ती ७७व्या क्रमांकाच्या वर चढली नाही. तोवर पार्सन्सने वृंदही सोडला होता. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर जाणार नाही, हे त्याचे कारण. लंडनमध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्‌सची संगत सोडवत नव्हती, हे सहकाऱ्यांनी सांगितलेले कारण. दोन्ही खरी असू शकतात.

पुढे हिलमनलाच घेऊन त्याने ‘फ्लाइंग बरिटो ब्रदर्स’ काढला. पेडल स्टील हे वाद्य त्यांनी अग्रभागी आणले. आपल्याकडे हवाईयन गिटार ऐकलेल्यांना त्याची कल्पना येईल. आडव्या तारांवर लोखंडी कांब सरकते, पायाखालच्या पट्ट्यांनी सूर ताणले जातात आणि मींडेसारखे काहीतरी काळजाला ओढून नेते. कंट्री गायकांचे झगमगते भरतकामाचे सूट पार्सन्सने शिवून घेतले, पण त्यावर अफूची फुले, गांजाची पाने, गोळ्या आणि पाठीवर भलामोठा क्रूस! १९६९ची त्यांची पहिली तबकडी १६४व्या क्रमांकावर थांबली.

इथे नावेची बाजू लिहिली पाहिजे. घराण्याच्या विश्वस्त निधीतून पैसा येत होता; गाण्यावर चूल पेटायची नव्हती. ज्यांची पेटायची, त्या साथीदारांना त्याच्या उशिरा येण्याचा, नशेत रंगमंचावर उभे राहण्याचा जाच झाला. १९७०मध्ये हिलमननेच त्याला काढले. आणि त्याच हिलमनने वॉशिंग्टनच्या छोट्या जागांत गाणारी, पदरी लहान मुलगी असलेली एमिलू हॅरिस ही गायिका पुढे त्याला सुचवली. त्या दोघांचे जोडगाणे ‘जीपी’ (१९७३) या तबकडीत आणि मरणोत्तर आलेल्या ‘ग्रीव्हस एंजल’मध्ये (१९७४) ऐकायला मिळते. दोन आवाज एकमेकांना सांभाळून चालतात. त्याचा किंचित थरथरतो, तिचा हात देतो.

१९ सप्टेंबर १९७३ रोजी कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री वाळवंटाजवळच्या एका सराईत मॉर्फीन आणि दारू यांनी त्याचा घास घेतला. सावत्र बापाने दफनासाठी शव लुइझियानाला न्यायचे ठरवले. पण वाळवंटातच आपले दहन व्हावे, असे त्याने मित्र फिल कॉफमनला सांगून ठेवले होते. कॉफमनने एका साथीदारासह लॉस एंजेलिसच्या विमानतळावरून शवपेटी पळवली आणि वाळवंटात पेटवली. शव चोरणे हा तिथे गुन्हा ठरेना. दंड झाला तो पेटीच्या चोरीचा. अर्धवट जळालेले अवशेष अखेर न्यू ऑर्लिन्सजवळ पुरले गेले.

लोक ही चोरीची कथाच रंगवून सांगतात. मला ती नकोशी वाटते. त्या आगीच्या उजेडात गाणे दिसेनासे होते, आणि सव्विसाव्या वर्षीचे मरण उगाच देखणे वाटू लागते. देखणे त्यात काही नव्हते. बापाच्या आणि आईच्या खात्यावरची बाकी मुलाच्या नावे ओढली गेली, आणि ती फेडण्याची धडपडही त्याने नीटशी केली नाही.

जमेची बाजू इतरांच्या वह्यांत सापडते. बरिटो ब्रदर्समधला बर्नी लेडन ‘ईगल्स’मध्ये गेला, त्यांचा १९७६चा निवडक गाण्यांचा संग्रह अमेरिकेत सर्वाधिक खपलेल्यांपैकी एक ठरला. एल्व्हिस कॉस्टेलो या इंग्लंडच्या रॉक गायकाने १९८१मध्ये नॅशव्हिलला जाऊन कंट्रीचा संग्रह केला, त्यात पार्सन्सची गाणी घेतली. आणि एमिलूने १९७५पासून एकेका तबकडीने त्याचे अपुरे काम पुढे नेले. ज्या नॅशव्हिलने त्याची हुर्यो उडवली, त्याच गावातल्या कंट्री संगीताच्या सन्मानदालनात २००८ साली तिचे नाव लागले. ती वेळेवर येत होती, घर चालवत होती, आणि गातही होती. पार्सन्सच्या गाण्याला खरा न्याय मिळाला तो तिच्याकडून.