‘मी’ कोण हे शोधणारा पंडित : विल्यम जेम्स

वारीच्या वाटेवर पायाला ठेच लागली म्हणजे आपण ‘मला लागले’ म्हणतो. पण आपल्या दिंडीला कोणी नावे ठेवली तरीही लागते ते आपल्यालाच! मग हा ‘मी’ राहतो तरी कोठे? कातडीच्या आत, की दिंडीतसुद्धा? संतांनी अहंता आणि ममता यांची जोडी कधी तोडली नाही, ती उगाच नव्हे. हाच प्रश्न अमेरिकेतील एका पंडिताने जन्मभर उराशी धरला. त्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

विल्यम जेम्स यांचा जन्म ११ जानेवारी १८४२ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. घरची सुबत्ता आजोबांनी मिळविलेली; वडील धर्मचिंतनात रमणारे. धाकटे बंधू हेन्री पुढे नामांकित कादंबरीकार झाले. विल्यम मात्र पुष्कळ वर्षे चाचपडत होते. आधी चित्रकला शिकले. ती सोडून १८६१ साली हार्वर्डला रसायनशास्त्राकडे गेले. तेथून वैद्यकाकडे वळले. १८६९ साली डॉक्टरीची पदवी मिळाली, पण दवाखाना त्यांनी कधी थाटला नाही.

याच तरुण वयात त्यांच्यावर मोठे संकट आले. शरीर दुबळे आणि मन खचलेले. एके दिवशी संधिप्रकाशात ते एका खोलीत गेले आणि एकाएकी भीतीने त्यांना घेरले. वेड्यांच्या इस्पितळात पाहिलेला एक तरुण रोगी डोळ्यांपुढे उभा राहिला. दिवसभर गुडघे हनुवटीशी घेऊन तो नुसता बसून असे. तो आणि मी वेगळे नाही, वेळ आली तर माझे विद्या-धन मला त्या दशेपासून वाचविणार नाही, या जाणिवेने त्यांचा थरकाप झाला. बायबलातील आश्रयाची वचने घट्ट धरून ठेविली नसती तर आपल्याला खरोखरच वेड लागले असते, असे त्यांनी पुढे लिहिले. ग्रंथात त्यांनी हा अनुभव दुसऱ्याचा म्हणून छापला. तो स्वतःचाच होता, हे मागाहून कबूल केले.

१८७० च्या एप्रिलात रनूव्हिए या फ्रेंच तत्त्वज्ञाचे लेखन वाचून त्यांनी निश्चय केला की, माणसाला आपली इच्छा वळविता येते असे धरून चालायचे. दुखणे एका दिवसात गेले नाही, पण पाय जमिनीला लागले. १८७३ पासून ते हार्वर्डला शिकवू लागले. १८७८ साली विवाह झाला आणि त्याच वर्षी मानसशास्त्रावर ग्रंथ लिहिण्याचे त्यांनी पत्करले. त्याला बारा वर्षे लागली! मध्यंतरी १८८५ साली तान्हा मुलगा गेला. ग्रंथ दोन खंडांत निघाला तो १८९० साली.

त्यात ‘मी’चे पदर त्यांनी उलगडून दाखविले. पहिला पदर देह, कपडे, घरदार, मुलेबाळे यांचा. यातले काही गेले की आपलाच तुकडा गेल्यासारखे वाटते. दुसरा पदर लोकांच्या नजरेतला. घरी मुलांवर खेकसणारा गृहस्थ कीर्तनात किती मऊ बोलतो, हे आपण पाहतोच ना! जितक्यांची ओळख, तितके आपले ‘मी’. तिसरा पदर आतल्या जाणिवेचा. मनाच्या समाधानाचा हिशेबही त्यांनी मांडला : मिळालेल्या यशाला अपेक्षेने भागावे. यश वाढविता येत नसेल तर अपेक्षा उतरवावी, समाधान तेवढेच वाढते.

मग या सगळ्यांना जाणणारा कोण? जेम्स म्हणत, मानसशास्त्रापुरता वेगळा आत्मा मानण्याची गरज नाही; चालू क्षणीचा विचार मागल्या विचाराचा वारसा उचलतो आणि पुढल्याच्या हाती देतो. सप्ताहात पहाऱ्याची वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, खाली कधी टेकत नाही, तसेच काहीसे. आम्हांस हे पटत नाही. वीणेकरी बदलतात, पण वीणा तर एकच असते! तरी एवढे सांगितले पाहिजे की, आत्मा नाहीच असेही त्यांनी म्हटले नाही. ज्याला मानायचा त्याने मानावा, अशी वाट त्यांनी मोकळी ठेविली.

१९०१ आणि १९०२ साली एडिंबरो येथे त्यांनी धर्मानुभवावर वीस व्याख्याने दिली. त्यांत नाना धर्मांच्या साधकांचे अनुभव त्यांनी आदराने तपासले. स्वामी विवेकानंदांच्या ‘राजयोगा’चाही आधार घेतला. आपल्यातला चांगला अंश आपल्याहून मोठ्या अशा कशाशी तरी जोडलेला आहे, ही खूण त्यांना सगळीकडे दिसली. आपल्याला स्वतःला तसा अनुभव जवळजवळ नाहीच, हेही त्यांनी प्रांजळपणे सांगितले. पंडिताच्या अंगी एवढा प्रामाणिकपणा विरळा.

१८९८ साली डोंगर चढताना हृदयाला इजा झाली, ती पुढे बळावली. २६ ऑगस्ट १९१० रोजी न्यू हॅम्पशरमधील शोकोरुआ येथे, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

असो. आम्हांला राहून राहून आठवतो तो इस्पितळातला रोगी. तो मीच, हे जेम्स यांना प्रथम भयाने कळले. पण तेव्हापासून दुसऱ्याच्या मनाचे दुखणे आपल्याला कळू लागले, असे त्यांनीच नमूद केले आहे. वाळवंटात आपण लहानथोर न पाहता एकमेकांच्या पाया पडतो. समोरचा तो मीच, हे त्या वेळी मनात असते का, की नुसती कंबर वाकते? याचा जाब आम्हीही स्वतःला विचारीत आहोत.