सर्वांचे काका : बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा

बेळगाव आणि स्वातंत्र्यलढा म्हटले की आपल्याला डिसेंबर १९२४ चे काँग्रेस अधिवेशन आठवते. महात्मा गांधींनी अध्यक्षस्थान भूषविलेले ते एकमेव अधिवेशन; त्याचा अभिमान आपणा सर्वांना आहे आणि तो रास्तच आहे. परंतु त्याआधी आठ वर्षे याच गावी एका मोठ्या चळवळीचा जन्म झाला आणि तिच्या अध्यक्षपदी एक कॅथलिक बॅरिस्टर बसला, ही गोष्ट मात्र आपण जवळजवळ विसरलो आहोत. ती चळवळ म्हणजे लोकमान्य टिळकांची होमरूल लीग, आणि ते बॅरिस्टर म्हणजे जोसेफ बॅप्टिस्टा. लोक त्यांना प्रेमाने 'काका' म्हणत.

काकांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईत, माझगावच्या माथारपाखाडीत झाला. लाकडी सज्जांची घरे, गल्लीत क्रूस, शेजारीच छोटे प्रार्थनास्थळ, असे ते मूळचे गावठाण. घराणे उत्तनकडचे, ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचे. उत्तर कोकणातील या समाजाने पोर्तुगीज अमदानीत धर्म बदलला, पण घरातली बोली मराठीच राहिली. काका पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजात शिकले आणि काही काळ वनखात्यात नोकरीला होते. पुढे केंब्रिजला जाऊन ते पदवीधर व बॅरिस्टर होऊन परतले. १९०१ मध्ये त्यांनी मुंबई महापालिकेत प्रवेश केला. सरकारी लॉ कॉलेजात काही वर्षे अध्यापनही केले.

इतके शिक्षण आणि अशी प्रतिष्ठा असलेल्या माणसाला सुखाने वकिली करून स्वस्थ राहता आले असते. त्या काळी सुशिक्षित ख्रिस्ती गृहस्थाने सरकारदरबारी जवळीक राखावी, हीच जगाची अपेक्षा असे. काकांनी उलट वाट धरली. राजद्रोहाचा शिक्का बसलेल्या टिळकांशी त्यांनी स्नेह जोडला. १९१० मध्ये सावरकरांवर खटला झाला, तेव्हा बचावाच्या वकिलांत ते उभे होते. यासाठी त्यांनी आपला धर्म बाजूला ठेवला नाही. ते अखेरपर्यंत कॅथलिकच राहिले. देवळात जाणारे टिळक आणि चर्चमध्ये जाणारे बॅप्टिस्टा एका कामासाठी एकत्र आले, आणि दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याची श्रद्धा अडचणीची वाटली नाही.

म्हणूनच २८ एप्रिल १९१६ हा दिवस महत्त्वाचा. प्रांतिक परिषदेसाठी पुढारी बेळगावात जमले होते. गंगाधरराव देशपांडे यांच्यासारखे स्थानिक नेते कामात होते. त्या वेळी लीग स्थापन झाली. अध्यक्ष बॅप्टिस्टा, चिटणीस न. चिं. केळकर. महाराष्ट्र, कर्नाटक, मध्यप्रांत व वऱ्हाड हे तिचे कार्यक्षेत्र. वर्षभरात सुमारे १४,००० सभासद झाले. लगेच १ मे रोजी टिळकांनी बेळगावात भाषण केले. या आणि अहमदनगरच्या भाषणांवरून सरकारने त्यांच्याकडून जामीन मागितला. हायकोर्टात तो हुकूम रद्द झाला, तेव्हा बॅरिस्टर जिनांसोबत काकाही टिळकांच्या बाजूने होते. १९१७ मध्ये लीगचे काम घेऊन ते विलायतेला गेले आणि तेथील मजूर पक्षाशी त्यांनी संधान बांधले.

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले. पुढे तीनच महिन्यांनी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. लाला लजपतराय अध्यक्ष व काका उपाध्यक्ष झाले. १९२१ मध्ये झरियाच्या कोळसा खाणींच्या मुलखात भरलेल्या दुसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्ष काकाच होते. टपालवाले आणि गिरणी कामगार यांची गाऱ्हाणी त्यांनी आपली मानली. १९२४ मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते. निपाणीच्या विडी-तंबाखू कामगारांचे लढे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या कामाची किंमत वेगळी सांगायला नको. १९२५ मध्ये मुंबई महापालिकेचे अध्यक्षपद, म्हणजे पुढे ज्याला महापौरपद म्हणू लागले ते, त्यांच्याकडे आले. १८ सप्टेंबर १९३० रोजी त्यांचे निधन झाले. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांची समाधी आहे. माझगावच्या टेकडीवरील उद्यानाला त्यांचे नाव आहे.

आपल्या एकत्र कुटुंबात काकाचे स्थान मोठे मजेदार असते. घराचा कर्ता तो नसतो. पण फी भरायची असो की कोर्टाची पायरी चढायची असो, हाक त्यालाच जाते, आणि नाव मात्र थोरल्याचे होते. बॅप्टिस्टांच्या वाट्याला नेमके हेच आले. लीग टिळकांची म्हणून ओळखली गेली, कामगार काँग्रेस म्हटले की लालाजी आठवतात. कुटुंबवत्सल माणूस आपल्या घरापुरता जीव लावतो. काकांनी घराचा उंबरठा पुष्कळ रुंद केला आणि जात, धर्म, भाषा न विचारता माणसे आत घेतली.

विद्यार्थी मित्रांनो, कोण किती या देशाचा, हे माणसाच्या धर्मावरून ठरविण्याचा मोह आजही होतो. भाषेवरून आपल्या सीमाभागाने काय सोसले, हे तर आपण जाणतोच. अशा वेळी आठवावे की मराठी व कन्नड मुलखांना एकाच कामाला जोडणाऱ्या संस्थेचा पहिला अध्यक्ष याच गावी निवडला गेला, तेव्हा त्याचा धर्म आड आला नाही. या अंकात मराठी आणि कन्नड पाने एकाच बांधणीत आहेत. काकांना ती पाहून आनंदच झाला असता.