मिस फॅनी फार्मर

थोरांचीं चरित्रें म्हटलीं म्हणजे सेनापति, कवि, शास्त्रज्ञ किंवा राज्यकर्ते यांचींच नांवें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. चुलीपुढें उभें राहून कीर्ति मिळविणाऱ्यांची आठवण सहसा कोणास होत नाहीं. अमेरिकेंतील हायस्कुलांतून गणित, इतिहास या आवश्यक विषयांच्या जोडीला चित्रकला व नक्षीकाम, पाककला, लेखनकला असे ऐच्छिक विषयहि ठेवलेले असतात, व विद्यार्थी आपल्या आवडीप्रमाणें त्यांतून निवड करतात. हें ऐकून आपल्याकडील पुष्कळांस हसूं येतें. स्वयंपाक हा का शाळेंत शिकावयाचा विषय, असें ते विचारतात. या प्रश्नाचें उत्तर ज्या बाईंनीं वादविवादानें न देतां आपल्या कामानें दिलें, त्यांची हकीकत येथें सांगावयाची आहे.

फॅनी मेरिट फार्मर हिचा जन्म बोस्टन शहरीं २३ मार्च १८५७ रोजीं झाला. वडील छापखान्याच्या धंद्यांत होते. चार बहिणींत फॅनी सर्वांत वडील. पुढें हें कुटुंब जवळच्याच मेडफर्ड गांवीं राहावयास गेलें व तेथील हायस्कुलांत तिचें नांव घालण्यांत आलें. मुलींनीं शिकावें, कॉलेजांतहि जावें, अशी आईबापांची मनापासून इच्छा होती. त्या प्रांतांत मुलींसाठीं वेल्स्ली व स्मिथ हीं दोन कॉलेजें १८७५ सालीं उघडलीं. म्हणजे फॅनीला अठरा वर्षें पुरीं झालीं त्याच सालीं. वेळ कशी अगदीं जुळून आली होती! परंतु तिच्या वांट्याला तें यावयाचें नव्हतें.

सोळाव्या वर्षीं, हायस्कुलांत असतांनाच, तिला अर्धांगवायूसारखा झटका आला. तो मुलांना होणारा पोलिओचा रोग असावा, असें मागाहून कित्येकांनीं म्हटलें आहे. पुष्कळ काळ तिला चालतां येईना. डॉक्टरांनीं शाळा सोडण्याचा सल्ला दिला आणि कॉलेजची गोष्ट कायमची संपली. पुढें ती हिंडूंफिरूं लागली, तरी डाव्या पायाचें अधूपण जन्मभर राहिलें. ज्या वयांत तुम्ही आज बाकावर बसून पुढील बेत करीत आहां, त्या वयांत ही मुलगी खिडकीशीं बसून दुसऱ्या मुलींना शाळेंत जातांना पाहत असेल, ही कल्पना मनांत आली म्हणजे मला वाईट वाटतें.

घरांत बसल्या बसल्या तिनें आईच्या हाताखालीं स्वयंपाक करण्यास सुरुवात केली. आईनें घरांत खाणावळी पाहुणे ठेवले होते, त्यांस फॅनीच्या हातचें जेवण फार आवडूं लागलें. पुढें एका सुखवस्तु कुटुंबांत ती घरकामास मदतनीस म्हणून राहिली. त्या घरांतील लहान मुलीनें अंड्याएवढें लोणी म्हणजे नक्की किती, असा प्रश्न विचारला, व त्यावरून फॅनीला मापाची गोष्ट सुचली, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, प्रश्न मात्र खरा आहे.

बोस्टन येथें स्त्रियांच्या एका शिक्षणसंस्थेनें १८७९ सालीं पाकशाळा काढली होती. पुढें १८८५ सालीं मेरी हेमनवे या धनिक व परोपकारी बाईंनीं त्याच शहरांत सरकारी शाळांच्या मुलींकरितां स्वयंपाकवर्ग सुरू करून दिला. तीन वर्षांनीं शहरानें तो आपल्याकडे घेतला. तेव्हां स्वयंपाक शिकविणाऱ्या शिक्षिका हव्या होत्या, व त्या तयार करण्याचें काम ही पाकशाळा करीत असे. घरच्यांच्या आग्रहावरून फॅनी तेथें दाखल झाली, त्या वेळीं तिचें वय तीस वर्षांचें होतें. तीस वर्षांच्या अधू बाईनें, मध्येंच सुटलेल्या शिक्षणाचा धागा पुनः हातीं घेऊन वर्गांत बसणें, ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. १८८९ सालीं तिनें अभ्यासक्रम पुरा केला, तेथेंच दुय्यम चालक म्हणून राहिली, आणि कांहीं वर्षांतच शाळेची मुख्य झाली. येथून पुढें त्यांना फार्मरबाई म्हणणेंच योग्य.

आतां मापाविषयीं. माझ्या आईला भाजींत मीठ किती घालावें असें विचारलें तर ती अंदाजानें घालावें एवढेंच सांगे. तो अंदाज तिच्या बोटांत होता. पण माझ्या बहिणीच्या बोटांत तो येण्यास सहा वर्षें व कित्येक खारट भाज्या लागल्या. अमेरिकेंतहि हीच स्थिति होती. जुन्या पाककृतींत मूठभर, चिमूटभर, अक्रोडाएवढें, चमचा शिगोशीग किंवा चमचा गोलसर भरून अशीं मापें असत, आणि एकीचा शिगोशीग चमचा दुसरीच्या दीड चमच्याबरोबर होई. फार्मरबाईंनीं ठरविलें कीं, माप तें सपाटच असावें. चमचा पीठांत बुडवून भरावा व वरील ढीग सुरीच्या पात्यानें सारून टाकावा. अर्धा चमचा हवा असल्यास भरलेल्या चमच्यांत सुरीनें लांबीच्या दिशेनें रेघ पाडून अर्धें काढून टाकावें. पाव हवा असल्यास त्या अर्ध्याचे आडवे दोन भाग करावे. तीन लहान चमच्यांचा एक मोठा चमचा, व सोळा मोठ्या चमच्यांचा एक पेला. मापाचे पेले व कोष्टकें त्यांच्या पूर्वीहि होतीं, तेव्हां हा शोध सर्वस्वीं त्यांचा, असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. पण प्रत्येक कृतींत, प्रत्येक जिनसेच्या बाबतींत, तोच नियम न कंटाळतां पाळण्याचा हट्ट त्यांचाच. विज्ञानाच्या प्रयोगशाळेंत आपण जी शिस्त शिकतों ती त्यांनीं चुलीपाशीं आणली.

१८९६ सालीं त्यांनीं बोस्टन पाकशाळेचें पाकपुस्तक लिहिलें. सुमारें अठराशें पाककृति, शिवाय अन्नांतील घटक, विस्तव पेटविण्याची रीति वगैरे माहिती. लिट्ल ब्राउन या प्रकाशकांना पुस्तक खपेल असा भरंवसा वाटेना. त्यांनीं अवघ्या तीन हजार प्रती काढल्या, आणि त्याहि लेखिकेच्या खर्चानें! ही अट अपमानाची खरी, परंतु तिच्यामुळेंच ग्रंथाचा हक्क व नफ्याचा मोठा वांटा बाईंकडे राहिला. त्यांच्या हयातींतच साडेतीन लाखांवर प्रती खपल्या. प्रकाशकांना पुढें काय वाटलें असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. पुस्तकाची भाषा रुक्ष आहे, तींत अलंकार नाहीं, विनोद नाहीं; परंतु नवशिक्या मुलीला काय करावें हें कळलें नाहीं असें वाक्य शोधूनहि सांपडणें कठीण. निबंधांत मोठमोठे शब्द कोंबणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं अशा लेखनाचाहि थोडा अभ्यास करावा, असें मला वाटतें. एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. बाईंना पदार्थांच्या सजावटीची अतिशय हौस होती, व त्यांचीं कित्येक कोशिंबिरीचीं ताटें खाण्यापेक्षां पाहण्यासाठींच केलेलीं वाटतात.

१९०२ सालीं त्यांनीं बोस्टन येथेंच स्वतःची पाकशाळा उघडली. तेथें शिक्षिकांपेक्षां गृहिणी व परिचारिका यांस शिकविण्यावर त्यांचा भर होता. रोग्यांच्या अन्नाकडे त्यांचें विशेष लक्ष होतें, आणि स्वतः अंथरुणावर काढलेल्या दिवसांचा त्याशीं संबंध नसेल असें म्हणवत नाहीं. रोग्याच्या ताटांत अन्न थोडें असावें, तें स्वच्छ व डोळ्यांस सुंदर दिसावें, हें त्या परिचारिकांना वारंवार शिकवीत. येथें त्यांची सजावटीची हौस खरोखर कामाला आली. हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयांतहि त्यांनीं या विषयावर व्याख्यानें दिलीं. १९०४ सालीं रोग्यांच्या व अशक्तांच्या आहाराविषयीं त्यांचें पुस्तक निघालें. त्यांत मधुमेहाचाहि स्वतंत्र विचार केला आहे. इन्सुलीनचा उपयोग १९२२ सालीं सुरू झाला. त्यापूर्वीं मधुमेह्याचें आयुष्य लांबविण्यास पथ्याच्या अन्नावांचून दुसरें साधन नव्हतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या पानांचें मोल कळतें. आपल्या सर्व कामांत हेंच काम बाईंना अधिक मोलाचें वाटे.

शेवटच्या वर्षांत पुनः झटके आले व पाय अगदींच गेले. तेव्हां त्या चाकाच्या खुर्चींत बसून शिकवूं लागल्या. बहीण कोरा हिच्या सहकार्यानें स्त्रियांच्या एका मासिकांत दरमहा लिहिणेंहि चालूच होतें. जानेवारी १९१५ मध्यें त्यांचें देहावसान झालें. त्याच्या दहाच दिवस आधीं त्यांनीं खुर्चींतूनच शेवटचें व्याख्यान दिलें होतें. शाळा त्यांच्यामागें कित्येक वर्षें चालली. पुस्तकाच्या पुढील आवृत्ति प्रथम कोरानें व नंतर तिच्या सुनेनें सुधारून काढल्या. कोळशाच्या चुली गेल्या, गॅस आला, वीज आली, कित्येक कृति गाळल्या गेल्या व नव्या घातल्या गेल्या. चमचा सपाट भरण्याचा नियम मात्र कोणीं बदलला नाहीं.