‘व्यापारा’च्या पटामागचा माणूस

लहानपणी मे महिन्याच्या सुटीत आम्ही भावंडे ‘व्यापार’ खेळत बसायचो. मोक्याच्या जागा ज्याच्या हाती, तो बसल्या जागी श्रीमंत होई. माझे दिवाळे ठरलेले. या खेळाचे मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंनी १९०४ साली पेटंट घेतलेल्या खेळात आहे, आणि तो त्यांनी हेन्री जॉर्ज यांची शिकवण लोकांना कळावी म्हणून रचला होता, हे मला अर्थशास्त्र घेतल्यावर समजले.

जॉर्ज यांचा जन्म १८३९ साली फिलाडेल्फियात झाला. चौदावे वर्ष पुरे होण्याआधीच शाळा सुटली. १८५५ साली जहाजावर पोऱ्या म्हणून निघून ते मेलबर्न व कलकत्ता पाहून आले. पुढे कॅलिफोर्नियात छापखान्यात खिळे जुळवू लागले. १८६५ साली दुसरे मूल झाले, तेव्हा घरात अन्न नव्हते. त्यांनी रस्त्यात एका अनोळखी गृहस्थाकडे पाच डॉलर मागितले. त्याने ते दिले. नाही म्हटले असते तर आपण त्याचा जीवही घेतला असता, अशी कबुली त्यांनी नंतर दिली.

पुढे ते पत्रकार झाले. एकदा ओकलंडजवळ त्यांनी एका गाडीवानाला सहज जमिनीचा भाव विचारला. दूरवर उंदरांएवढ्या दिसणाऱ्या गाई चरत होत्या. त्या रानाचा भाव एकरी हजार डॉलर! वस्ती वाढणार म्हणून किंमत चढली होती. मालकाने काहीच केले नव्हते. प्रगतीबरोबर दारिद्र्य का वाढते, याचे उत्तर त्यांना तिथे सापडले.

१८७९ साली ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ हा ग्रंथ निघाला. जमिनीच्या मूल्यावर एकच कर घ्यावा, श्रम आणि भांडवल करमुक्त ठेवावे, हे त्याचे सार. म्हणूनच जमीनदारांना ते क्रांतिकारक वाटले आणि समाजवाद्यांना अपुरे. १८८६ साली न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी ते उभे राहिले आणि हरले. पण थिओडोर रूझवेल्ट त्यांच्याही मागे, तिसरे आले. १८९७ साली पुन्हा उभे राहिले. डॉक्टरांनी श्रम टाळण्यास बजावले होते. मतदानाला चार दिवस उरले असताना त्यांचे निधन झाले.

एकच कर सारे दुःख दूर करील, हे मला पटत नाही. पण गेल्या वर्षी आमच्या गल्लीजवळ बसथांबा झाला आणि माझ्या खोलीचे भाडे वाढले. छत तसेच गळत होते. वाढीव भाडे मोजताना मला जॉर्ज आठवले. आता वाटते, त्या पटावर मी हरलो तो केवळ फाशांमुळे नव्हे.