लँकेशायरच्या पुढे नागपूरची चाती

वाशीम - वाशीमसह वऱ्हाडातला कापूस विलायतेला जाई व कापड होऊन परत येई. जमशेटजी टाटा (१८३९-१९०४) यांनी मुंबईऐवजी या कापूसपट्ट्याजवळच्या नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. लँकेशायरच्या कामगाराइतके सूत इथला कामगार काढत नसे. त्याला आळशी म्हणणे सोपे होते. जमशेटजींनी दोष यंत्रांत आणि कामाच्या परिस्थितीत शोधला.

लँकेशायर जुन्या म्यूल यंत्रांना चिकटून असताना त्यांनी रिंग चात्या आणल्या. सूत वेगाने निघू लागले. गैरहजेरी मात्र हटेना. मग गिरणीत खेळती हवा आली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी, १८९५ मध्ये अपघात भरपाई. खुद्द ब्रिटनमध्ये भरपाईचा सर्वसाधारण कायदा १८९७ साली झाला! जर्मनीतील नाउहाइम येथे १९०४ मध्ये जमशेटजींचे निधन झाले.